कुठे दुखते ते सांगा

तक्रार करणाऱ्या पेशंटची मला कधी भीती वाटली नाही. ‘सिस्टर, सुई टोचतेय’, ‘सिस्टर, कूस बदलून द्या’, ‘सिस्टर, डॉक्टर येणार कधी?’ असा रात्रभर धोशा लावणारा माणूस बहुतेक वेळा सकाळी चहा मागतो. भीती वाटते ती एकाएकी गप्प झालेल्याची. संध्याकाळी बाळंत झालेली बाई कण्हत असते, पाणी मागत असते, सासूवर चिडत असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास निपचित पडते. नातेवाईक म्हणतात, ‘आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवू नका.’ आम्ही उठवतो. पांघरूण बाजूला करून खालची घडी बघतो, मनगट धरतो. तळवे गार, ओठ पांढरे, नाडी बारीक आणि पळती. मग एकीने पोटावर हात ठेवून गर्भाशय चोळायचे, दुसरीने दुसऱ्या हाताला मोठी सुई लावून सलाईन सोडायचे, आयाने डॉक्टरांना उठवायला धावायचे. ती बाई पुन्हा कण्हायला लागली की आमच्या जिवात जीव येतो.

हे नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. देवापुढे बसलेल्या माणसाचेही असेच असते, हे मात्र मला नोकरीची निम्मी वर्षे सरल्यावर कळले आणि ते पवित्र शास्त्राने, त्यातही स्तोत्रसंहितेने शिकवले. त्याबद्दल लिहायचे आहे.

मी मूळची नगरकडची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले आणि पुढच्या पिढ्यांत खेडोपाडीची जी घरे ख्रिस्ती झाली त्यांतले आमचे एक. आजीला वाचता येत नव्हते, पण भाकरी थापताना ती स्तोत्रे म्हणायची. बरीच तिला तोंडपाठ होती. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेला जे मिशन हॉस्पिटल उभे केले, तिथे मी नर्सिंग शिकले आणि लग्न होऊन बऱ्हाणपूरला आले. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी एके काळी ते खानदेशची राजधानी होते. रावेर, भुसावळ अगदी जवळ. बाजारात हिंदी, विणकरांच्या मोहल्ल्यांत उर्दू, खेड्यांतून निमाडी, खकनारकडून येणाऱ्या कोरकू बायकांची त्यांची भाषा आणि आमच्यासारख्यांच्या घरात मराठी. शाहजहानची बेगम मुमताज १६३१ साली याच गावात चौदाव्या बाळंतपणात गेली. आग्र्याला नेण्याआधी तिला तापीपलीकडे जैनाबादला पुरले होते. बाहेरून आलेले लोक ती प्रेमाची गोष्ट म्हणून ऐकतात. बाळंतिणींच्या वॉर्डात काम करणाऱ्या मला ती नेहमी त्या रात्रीच्या दायांची गोष्ट वाटत आली आहे.

आमची मंडळी लहान. रविवारची उपासना हिंदीत होते; घरच्या प्रार्थनासभेत पेटी निघाली की रेव्हरंड टिळकांची भजने होतात. दुखण्याखुपण्यात एकमेकांकडे जायचे, वचन वाचायचे, प्रार्थना करायची, ही आमची रीत. वाचायची वचने ठरलेली. तेविसावे स्तोत्र, एक्याण्णवावे, एकशे एकविसावे. मेंढपाळ, पंखांची सावली, डोंगरांकडून येणारे साहाय्य. मी स्वतः ती कितीतरी खाटांपाशी वाचली आहेत आणि माणसे त्यांच्या आधाराने शांतपणे गेलेली पाहिली आहेत. त्या वचनांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण आमच्या स्वतःच्या घरात आजार आला तेव्हा ती वचने मला लागेनाशी झाली. माझे यजमान शाळेत गणित शिकवायचे. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. डायलिसिससाठी पहाटेची गाडी पकडून जायचे, रात्री परतायचे, दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर, ते अंथरुणावर. पाणी मोजून प्यायचे. उन्हाळ्यात बऱ्हाणपूरचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि त्यांच्या वाट्याला दिवसभरात दोन-तीन पेले पाणी. मंडळीची माणसे येत, मनापासून प्रार्थना करत. ‘देवाची काहीतरी योजना असेल,’ म्हणत. बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकाने आमच्या पुढच्या खोलीत बसून सांगितले की या घरात विश्वास कुठेतरी कमी पडतो आहे, नाहीतर उत्तर केव्हाच मिळाले असते. मधल्या दाराला नुसता पडदा होता. यजमान पलीकडे पडून ऐकत होते. ते त्यावर पुढे कधीच काही बोलले नाहीत.

ते गेले पावसाळ्यात. त्यानंतर माझी प्रार्थना थांबली. देव नाही, असे मला वाटले नाही. आमच्या घरात देव हा श्वासासारखा. तो नाही असा विचार करायलाही एक सवय लागते, ती मला नव्हती. मला त्याच्याशी बोलायचे काही उरले नव्हते, एवढेच. मी उपासनेला जात होते, गीते गात होते, पाळी आली की शास्त्रपाठ वाचत होते. विचारपूस करणाऱ्यांना ‘बरी आहे, देवाची कृपा,’ म्हणत होते. मी कुणाला त्रास देत नव्हते, म्हणून कुणाला माझी काळजीही वाटली नाही. वॉर्डातल्या त्या निपचित बाईसारखी मी पडून होते आणि सगळे म्हणत होते, किती धीराची आहे.

सासऱ्यांनी घालून दिलेला एक शिरस्ता तेवढा चालू राहिला. रोज पाच स्तोत्रे, म्हणजे महिन्याला दीडशेची संपूर्ण संहिता. ते जुन्या वळणाचे होते. मन लागो न लागो, वाचायचे, म्हणायचे. नाइट ड्यूटीला मी ती रात्री दोननंतर वाचायची. त्या सुमाराला वॉर्ड स्थिरावतो. दोनचे तापमान, बीपी चार्टवर चढवून झालेले असते, पुढचे इंजेक्शन सहाला असते. आमच्या हॉस्पिटलामागच्या गल्लीत पॉवरलूम चालत. त्यांचा खटखटाट इतका अंगवळणी पडलेला की तो कानाला जाणवतही नसे. लाइट गेली की एकदम शांतता पसरे आणि मगच कळे, इतका वेळ आवाज होता.

अशाच एका रात्री अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आले. ते आधीही दर महिन्याला येऊन गेले असणार. त्या रात्री ते मी पहिल्यांदा ऐकले. एक माणूस देवाला सांगतो की मी रात्रंदिवस तुला हाक मारतो आहे, माझा जीव दुःखाने भरला आहे, मेलेल्यांत माझी गणती झाली आहे. नंतर तो देवालाच जाब विचारतो. मेल्यावर मी तुझी स्तुती करणार आहे का? माझ्यापासून तोंड का लपवतोस? माझे मित्र, माझे सोबती तूच दूर केलेस. मी पुढचे कडवे वाचायला पान उलटले, कारण विलापाची स्तोत्रे शेवटाकडे वळण घेतात हे मला ठाऊक होते. देवाने ऐकले, मी पुन्हा गाईन, असे काहीतरी येते. इथे आले नाही. अंधाराचा उल्लेख होतो आणि स्तोत्र संपते. पुढे लगेच एकोणनव्वदावे सुरू.

कोपऱ्यातल्या खाटेवर एका आजीबाईंना ऑक्सिजन चालू होता. बाटलीतले बुडबुडे, फ्लोमीटरमधला छोटा गोळा दोनच्या रेघेवर थरथरतो आहे, आणि मी तिथे स्टुलावर बसून ते स्तोत्र परत वाचते आहे. हे शास्त्रात आहे, याचेच मला नवल वाटत होते. कुणी काढून टाकले नाही. हेमान एज्राही याचे नाव वर घालून, मुख्य गवयासाठी अशी सूचना लिहून ठेवले आहे. म्हणजे हे मंदिरात गायले जायचे. सगळ्या मंडळीसमक्ष, चालीवर, देवाला ऐकवण्यासाठी. नंतर मी मोजदाद करणाऱ्यांची पुस्तके वाचली. दीडशेपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रे अशीच गाऱ्हाण्याची आहेत. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरांत त्यांतले एकही कधी छापून आलेले मी पाहिले नव्हते.

त्या पहाटे औषधांच्या खोलीत, कपाटाकडे तोंड करून, मी देवाशी बोलले. यजमान कसे गेले ते त्याला सविस्तर सांगितले, पुढच्या पाळीच्या नर्सला ओव्हर देताना सांगतो तसे, वेळांसकट. पडद्याआडून त्यांना काय ऐकावे लागले, तेही सांगितले. त्या बोलण्यात मी त्याचे आभार मानले नाहीत. सहा वाजता इंजेक्शने द्यायला गेले तेव्हा हात नेहमीसारखे चालत होते. बऱ्याच महिन्यांनी मी त्याच्याशी खरे बोलले होते, एवढाच फरक पडला होता. पण नर्स म्हणून मला तो फरक किती मोठा आहे ते कळत होते. जो ‘दुखते’ म्हणतो, त्याला कुणीतरी ऐकेल अशी आशा असते. ती सुटली की माणूस बोलत नाही.

त्यानंतर मी ईयोबाचे पुस्तक नव्याने वाचले. त्याचे तीन मित्र सांत्वनाला येतात तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. तेवढे त्यांचे वागणे मला आजही आदर्श वाटते. आठव्या दिवसापासून ते समजवायला लागतात आणि पानेच्या पाने समजावतात: पाप असेल, शिक्षा असेल, कबूल कर. ईयोब ओरडतो, वाद घालतो, जन्मदिवसाला शाप देतो. आणि शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो त्या समजावणाऱ्यांवर. माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, असे तो त्यांच्यातल्या अलीफजाला ऐकवतो. हा अध्याय मी त्या उपदेशकाला उद्देशून कितीदा मनात वाचला असेल. आता राग निवळला आहे, पण मत बदललेले नाही. खाटेजवळ बसून आजाऱ्याच्या विश्वासाचे मोजमाप करायचा अधिकार कुणालाच नाही.

ड्यूटीवर मी कुणाला धर्म सांगितला नाही. दुखणाऱ्या माणसाच्या अडचणीचा तसा फायदा घेऊ नये, अशी माझी धारणा आहे. ख्रिस्ती पेशंटने मागितले तर वाचून दाखवायचे, एरवी स्वतःपुरते. शास्त्र माझ्या कामी आले ते माझ्या कानांच्या बाबतीत; मला नीट ऐकू यायला लागले. दम्याने खंगलेले एक म्हातारे विणकर आमच्याकडे दर हिवाळ्यात यायचे. लूमच्या धुरळ्यात आयुष्य गेलेले. आडवे पडले की दम लागे, म्हणून रात्रभर उशीवर पुढे रेलून बसायचे आणि पुटपुटायचे, ‘या अल्लाह, और कितने दिन? कब तक?’ एका नव्या मुलीने त्यांना म्हटले, ‘चाचा, ऐसा नहीं बोलते.’ मी तिला बाजूला घेऊन सांगितले, बोलू दे. तेरावे स्तोत्र असेच सुरू होते. कुठवर, कुठवर, असे दावीद चार वेळा विचारतो. मी चाचांच्या पाठीला तेल चोळून दिले आणि त्यांनी त्यांचे बोलणे चालू ठेवले.

खकनारकडच्या एका कोरकू आईचे बाळ आमच्याकडे दगावले. सुकलेले, हातात मावेल एवढे. आणले तेव्हाच उशीर झाला होता. ती जमिनीवर बसून मोठ्याने रडू लागली. ते रडणे गाण्यासारखे, लांबवर जाणारे. वॉर्डातल्या इतरांना त्रास होतो म्हणून तिला गप्प करायला सांगण्यात आले. मला त्या वेळी राहेल आठवली. यिर्मयाने तिचे वर्णन केले आहे. मुले गेली म्हणून रामा गावी ती रडते आणि सांत्वन करून घ्यायला नकार देते. मत्तयाने तेच ख्रिस्तजन्माच्या कथेत आणून बसवले, हेरोदाने बालके मारली तिथे. नाताळच्या गोष्टीच्या ऐन मध्यभागी एक आई आहे आणि ती समजूत घालून घेत नाही. शास्त्राने तिला तो नकार देऊ दिला आहे. मी पलीकडच्या दोन बाळंतिणींना दुसऱ्या खोलीत हलवले, दार लोटून घेतले आणि त्या आईजवळ खाली बसले. तिची भाषा मला येत नव्हती, त्यामुळे काही बोलायचा प्रश्नही नव्हता.

कोविडच्या लाटेतल्या २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांबद्दल मला फारसे लिहायचे नाही. ज्यांनी ते दिवस वॉर्डात काढले त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळणार नाही. एक गोष्ट मात्र सांगते. आमच्यातली एक तरुण नर्स, केरळची, फार श्रद्धाळू, एका पहाटे पीपीई किट उतरवून जिन्यावर बसली आणि म्हणाली, ‘दीदी, मुझसे प्रार्थना नहीं होती. मुझे अब मर जाना अच्छा लगेगा.’ मला एकोणिसाव्या अध्यायातला एलीया दिसला, ‘पहिले राजे’ या पुस्तकातला. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे, माझा प्राण घे, असे देवाला म्हणून झोपी जातो. देवदूत येतो. तो त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे ठेवतो आणि उठून खा म्हणतो. एलीया खातो, परत झोपतो. देवदूत परत येऊन परत खाऊ घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही, हे त्याला ठाऊक असते. होरेब डोंगरावरचे बोलणे त्यानंतरचे. मी त्या मुलीला घरी नेले, खिचडी केली, पंखा लावून झोपवले, तिची पुढची ड्यूटी मी घेतली. उठल्यावर पुन्हा खायला घातले. तिने मला विचारले, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केली का? मी म्हटले, तू झोपली होतीस तेव्हा. ते खरे होते.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींत पंडिता रमाबाईंचे नाव आदराने घेतात. त्यांच्या शाळा, मुक्ती मिशन, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी केडगावला आणलेल्या मुली, हे सगळे सांगतात. आमचा निमाड जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. पण त्या बाईने किती पचवले होते ते क्वचित सांगितले जाते. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे कित्येक वर्षे धर्म हाती आला तरी ख्रिस्त भेटला नव्हता, असे त्यांनी स्वतःच १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिले आहे. एवढ्या मोठ्या बाईने हे छापून सांगावे, याचा मला फार आधार वाटतो. म्हातारपणी त्या मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणायच्या कामात होत्या, तेव्हा १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि ते संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आले. ती स्तोत्रे, ते विलापगीत त्यांनी लेकीच्या दुःखात हाताळले असेल, त्या वेळी त्यांच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा आमच्या मंडळीत कुजबुज झाली. आयुष्यातली कितीतरी वर्षे त्यांना देवाचा स्पर्श जाणवत नव्हता, हे त्यांच्याच शब्दांत आले होते. काहींना ते छापायला नको होते असे वाटले. मला वाटते, ते कुणीतरी छापले हे फार बरे झाले. आणि यात नवीन तरी काय? प्रभू येशूने वधस्तंभावर मारलेली हाक बाविसाव्या स्तोत्राची आहे. तू माझा त्याग का केलास, असे तो देवाला विचारतो. ते शब्द त्याने लहानपणी, आपल्या लोकांच्या उपासनेत ऐकलेले असणार. मरताना तेच तोंडात आले. परमेश्वराच्या पुत्राला जी स्तोत्रे लागली, ती आपल्या आजाऱ्यांना लागणार नाहीत असे आपण का धरून चालतो?

निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी आमच्या घरी बायकांची प्रार्थनासभा भरते. तिथे मी पाच स्तोत्रांचा शिरस्ता चालू ठेवला आहे. सुरुवातीला अठ्ठ्याऐंशीव्यावरून वाद झाला. एका भगिनीचे म्हणणे, की घरी आधीच दुःख आहे, इथे उभारी घ्यायला येतो, असले वाचून खचायला होते. तिचे म्हणणे मी नाकारले नाही. प्रत्येकीला प्रत्येक दिवशी ते पेलेलच असे नाही. पण दुसरी एक, जिचा मुलगा दारूपायी घर सोडून गेला आहे आणि जी सभेत कधी तोंड उघडत नसे, ती म्हणाली, ‘बाई, हे एकच माझ्या मापाचं आहे.’ तेव्हा ठरले की वाचायचे. वाचून झाल्यावर त्यावर कुणी भाष्य करायचे नाही, शेवट गोड करायला दुसरे स्तोत्र जोडायचे नाही. ज्यांना बोलायचे त्या आपले गाऱ्हाणे देवाला मोठ्याने सांगतात. बाकीच्या ऐकतात. मग चहा होतो.

मंडळीतल्या नर्सिंग शिकणाऱ्या मुली कधी कधी विचारायला येतात: ख्रिस्ती पेशंटने काही वाचा म्हटले तर काय वाचावे? मी सांगते, आधी त्याला विचार, कुठे दुखते. उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नकोस. तेविसावे त्याने स्वतः मागितले तर जरूर वाच. न मागता वाचायचे तर तेरावे घे. ते सहाच वचनांचे आहे. धाप लागलेल्या माणसाला तेवढेच ऐकवते. पहिल्या दोन वचनांनंतर थांब आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघ. त्याने मान हलवली तर पुढे जा. नाहीतर तिथेच थांबलीस तरी चालेल.